विरेचनानंतरची पेज

दोन दिवसांच्या आयुर्वेदिक पॅकेजमध्ये विरेचन (जुलाबाचं औषध देऊन केलेला शुद्धीचा उपचार) करून शरीरशुद्धी होते, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. विरेचनाआधी ३ ते ७ दिवस वाढत्या मात्रेत औषधी तूप घ्यावं लागतं, मग अभ्यंग आणि वाफ, त्यानंतर जुलाबाचं औषध.

पण संसर्जनक्रमाबद्दल, म्हणजे विरेचनानंतरच्या खाण्याच्या पथ्याबद्दल, कुणी बोलतच नाही. अशा शुद्धीनंतर अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंदावलेला असतो, म्हणून आधी पातळ पेज, मग आटवलेली, मग मुगाचं कढण, असं हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचं. हे ३, ५ की ७ दिवस, ते शुद्धी कितपत झाली यावरून वैद्य ठरवतात. आईचं विरेचन शरदात झालं तेव्हा वैद्यांनी औषधापेक्षा या पथ्याबद्दलच जास्त वेळ समजावलं होतं. तेवढी सुट्टी मिळणार नसेल तर विरेचन खरंच पुढे ढकला.