इंडिया अंडर-१७ च्या कॅम्पला भाच्याला बोलवलंय, घरात तीन पार्ट्या पडल्यात

पेठेतला_मामा
नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचा. भाचा माझा दहावीत, फुटबॉलमध्ये लेफ्ट विंगला खेळतोय, राज्याच्या टीममधनं नॅशनल खेळून आला, तिथं कुणाच्यातरी नजरेत भरला आणि आता इंडिया अंडर-१७ च्या निवड कॅम्पचं बोलावणं आलंय. निवड अजून लांब आहे, पण गल्लीत फ्लेक्स लागला पण, 'भारतीय संघात निवड' म्हणून, फोटोत पोरगं एवढंसं आणि शुभेच्छुक मोठे.

आता घरात आक्का म्हणते फेब्रुवारीत बोर्ड आहे, आधी दहावी. दाजी म्हणतात जाऊ दे, असा चान्स परत येत नाही. तिसरी पार्टी तालमीची, म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल टीमची. सीझन तोंडावर आलाय, पोराला यंदा मोठ्या टीममध्ये घ्यायचंय, इथं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर एक सीझन मोठ्यांच्यात धक्के खाल्ले की जे शिकेल ते कॅम्पात कोण शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. तेही अगदीच चूक वाटत नाही.

मला विचारायचंय एवढंच की इंडियाच्या ज्युनियर टीममध्ये पोरगं खरंच घडतंय का नुसती जर्सी आणि फोटो? २०१७ च्या वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव होता तेव्हा अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर होतं, पण त्या टीममधल्या बाकीच्या पोरांचं पुढं काय झालं कुणाला माहीत आहे का?

रंकाळा_कट्टा
मामा पहिलं अभिनंदन, पार्टी कधी 😄 आणि यात विचारायचं काय, इंडियाचं बोलावणं आहे, जाळ अन् धूर संगटच! दहावी काय जुलैला पण देता येत नाही होय

जुना_गोलकीपर
कट्टा, आक्कासमोर हे बोलू नको भावा, लाटणं बसंल.

मामा, २०१७ चं सांगतो कारण ती टीम मी पहिल्यापासनं फॉलो केलेली. यजमान म्हणून थेट एंट्री होती, गोव्यात पोरांना वर्षानुवर्षं एकत्र ठेवलं, परदेश दौरे केले, मधेच जर्मन कोच निकोलाय अ‍ॅडम गेले आणि वर्ल्ड कपच्या वर्षातच पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. दिल्लीत तीन मॅच, तिन्ही हरल्या. अमेरिका ०-३, कोलंबिया १-२, घाना ०-४. कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवर जॅक्सन सिंगनं हेड मारला, फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला गोल, आम्ही इकडं नाचतोय तोवर पुढच्याच मिनिटाला त्यांनी दुसरा घातला. टीव्हीवर रिप्ले चालू असतानाच गोल खाल्ला म्हणा की.

पण स्कोर सोड. जॅक्सन, सुरेश वांगजम, अन्वर अली, रहीम अली, अमरजित, ही सगळी त्याच टीमची पोरं पुढं सिनियर इंडियाला खेळली. एका बॅचमधनं एवढी वर येणं आपल्याकडं लई मोठं आहे. आणि ती कशामुळं आली हे बघ. वर्ल्ड कप संपल्या संपल्या फेडरेशननं इंडियन अ‍ॅरोज ही स्वतःची तरुण पोरांची टीम परत चालू केली, पोरं थेट आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या क्लबांच्या मोठ्या लीगमध्ये, मोठ्या मापाच्या गड्यांच्या विरोधात खेळली, अनिकेत पण त्यातच होता, मग जमशेदपूर क्लबला गेला. म्हणजे जर्सीनं घडवलं नाही, जर्सीनंतर दर आठवड्याला मॅच मिळाली त्यानं घडवलं. ती अ‍ॅरोज २०२२ ला बंद झाली हे लक्षात ठेव, आता तसली शिडी तयार नाही.

सिद्धार्थनगर_विंगर
मला या सगळ्यावर जरा शंकाच असते. त्याच टीमनं मे २०१७ ला इटलीला २-० हरवलं म्हणून केवढा गाजावाजा, नंतर इटलीवाल्यांनीच सांगितलं ती आमची नॅशनल टीम नव्हतीच, खालच्या डिव्हिजनच्या क्लबांची पोरं होती. आणि १६-१७ व्या वर्षी चमकलेला पुढं चालेलच असं कुठाय. घानाचा नी लॅम्प्टी १९९१ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपला बेस्ट प्लेयर, पेलेचा वारस म्हणत होते, नंतर एक क्लब सोडून दुसरा करत विरला. याच्या उलट इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी वार्डी, त्याला शेफील्ड वेन्सडे क्लबनं १६ व्या वर्षी काढून टाकला, ज्युनियर इंग्लंड कधी बघितली नाही आणि प्रीमियर लीग जिंकला. मग तालमीत काय वाईट आहे? आपल्या पेठांनी एवढी वर्षं खेळाडू दिलेच की.

जुना_गोलकीपर
अरे तालमीला नावं कोण ठेवतंय, मी स्वतः तिथंच वाढलोय. पण १५ वर्षाच्या पोराला सीझनमध्ये नक्की किती मिनिटं मिळणार ते विचार. नॉकआउट मॅच, समोरची पेठ, गॅलरी पेटलेली, बाहेरचे प्लेयर आणलेले, अशात कोणता मॅनेजर पोराला ७० मिनिटं ठेवंल? शेवटची पाच मिनिटं जिंकलेल्या मॅचमध्ये, नायतर ट्रॅकसूट घालून बेंचवर. आणि घातलाच तर त्या उन्हात कडक झालेल्या ग्राउंडवर घोट्याला बर्फ लावून परत परवा मॅच. वार्डीचं उदाहरण छान आहे पण एक वार्डी मागं न दिसलेले किती, ते कोण मोजतंय.

बालेवाडी_रिटर्न
मी ज्युनियर पोरांना कोचिंग करतो, सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून खेळलोय, म्हणून दोन गोष्टी सांगतो ज्या फ्लेक्सवर नसतात.

एक, वयाची तपासणी. पोहोचल्यावर मनगटाची होणार. डाव्या हाताचा एक्स-रे काढतात, आणि आशियाई स्पर्धेला जायची वेळ आली की एमआरआय. मनगटाजवळ हाडाच्या टोकाला वाढीची पट्टी असते, ती पूर्ण जुळलेली दिसली की पोरगं बाहेर, कागदावर काही असू दे. जन्मतारीख खरी असली तरी लवकर थोराड झालेलं पोरगं यात अडकू शकतं, तेव्हा तसं झालं तर घरी कुणी त्याला चोर समजू नका. पासपोर्ट नसेल तर आत्ताच अर्ज टाका, नाव आधारवर एक आणि दाखल्यावर एक असेल तर ते पण सरळ करून घ्या, यात चांगली चांगली पोरं लटकलेली बघितलीत.

दुसरं, मामा, त्याचा जन्म कुठल्या महिन्यातला?

पेठेतला_मामा
नोव्हेंबर एंडचा. का हो सर? आणि अंगानं बारीकच आहे, मिसरूड पण फुटलं नाही अजून, त्यामुळं ते एमआरआयचं तरी टेन्शन नाही वाटतं.

बालेवाडी_रिटर्न
मग मी तर म्हणतो चांगली खूण आहे. वयोगट १ जानेवारीपासनं धरतात, त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीची पोरं त्याच गटात जवळजवळ वर्षानं मोठी असतात, १५ व्या वर्षी तेवढ्यात उंची, ताकद, स्पीड सगळं बदलतं. जगभर ज्युनियर टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी दिसते ती यामुळंच. नोव्हेंबरचं बारकं पोरगं तरीपण कुणाच्या डोळ्यात भरलं म्हणजे ते अंगावर नाही, पायावर आणि डोक्यावर खेळतंय. बेल्जियमनं तर उशिरा वाढणाऱ्या अशा पोरांसाठी वेगळी टीमच ठेवलीय, फ्युचर्स म्हणून, आपल्याकडं तसं काही नाही, आपल्याकडं कॅम्पात आडदांड पोरानं खांदा मारला की हे लाईनबाहेर आणि वहीत फुली. त्यामुळं फायनल लिस्टमधनं नाव गेलं तर त्याला आधीच सांगून ठेवा की हे होऊ शकतं. २०-२३ पोरंच राहतात शेवटी.

आणि मूळ प्रश्नाचं म्हणाल तर नॅशनल टीम खेळाडू निवडते आणि तपासते, घडवायचं काम वर्षभर क्लबचं किंवा अकॅडमीचं. कॅम्प काही आठवड्यांचा. पण त्या आठवड्यात त्याला कळेल मणिपूर-मिझोरामचं पोरगं पहिल्या टचला बॉल कसा मारतं, गोव्याचा फुलबॅक त्याला आत का वळू देत नाही. विंगरला ही शिकवणी दुसरीकडं कुठं मिळणार? इकडं तो उजव्या बाजूच्या बॅकला नुसत्या स्पीडवर काढतो, बरोबर? तिथं सगळेच पळतात. बिबियानो फर्नांडिस सरांनी कोचिंग केलेल्या इंडियाच्या ज्युनियर टीम बघा, २०१८ ला अंडर-१६ आशियाई क्वार्टर फायनलला दक्षिण कोरियाशी ०-१ हरली, एक मॅच जिंकली असती तर वर्ल्ड कपला होती, आणि २०२५ ला अहमदाबादेत इराणला २-१ हरवून अंडर-१७ आशिया कपला पात्र ठरली. अशा मॅचेसमधनं पोरगं जे घेऊन येतं ते इथं मिळत नाही, खोटं कशाला बोला.

सिद्धार्थनगर_विंगर
ओके, शेवटच्या पॅराला मी पण मान्य. पण सर, समजा निवड नाही झाली आणि पोरगं परत आलं, मग?

बालेवाडी_रिटर्न
म्हणूनच जायच्या आधी विचारायचं की परत आल्यावर सराव कुठं. एखाद्या क्लबच्या युथ टीममध्ये, प्रबोधिनीत, कुठंतरी वर्षभर वयोगटाच्या लीग मॅच मिळतील अशी जागा. कॅम्पात क्लबांची माणसं येतात-जातात, दाजींनी तिथं ओळख करून घ्यावी, लाजू नये. तालमीला सांगा पोरगं तुमचंच आहे, दोन वर्षांनी तयार होऊन येईल, तोवर पेठेच्या नादाला लावू नका.

पेठेतला_मामा
तालमीला हे मी सांगायचं? 😅 बरं, आणि दहावी?

आक्कांची_बाजू
(मी पण एका खेळाडूची आई आहे.) दहावी सोडायची नाहीच, पण सोडायला लागतच नाही. कॅम्पच्या तारखांचं पत्र घ्या, शाळेत मुख्याध्यापकांना आत्ताच दाखवा, प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेच्या तारखांचं आधी बोलून घ्या, नंतर गेलात की तोंड वाकडं करतात. खेळाडूंना बोर्डाचे सवलतीचे गुण असतात, त्यासाठी राज्याकडनं खेळल्याचं सर्टिफिकेट लागतं, ते वेळेत सादर करा. पुढं सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडू आरक्षण पण आहे, त्याच्या अटी वेगळ्या, पण कागद आत्तापासनं एका फाईलीत ठेवले तर बिघडत नाही. माझ्या मुलानं गणिताचं पुस्तक कॅम्पात नेलं होतं, उघडलं नाही ते सोडा, पण परत आल्यावर क्लासच्या सरांनी रात्री बसवून करून घेतलं आणि झाला पास. आणि मामा, तो फ्लेक्स तेवढा उतरवायला सांगा, बोर्डाच्या पेपरला जाताना रोज त्याखालनं जायचंय पोराला.

पेठेतला_मामा
हे पटलं. आक्काला हा धागा वाचून दाखवला, कट्टाची कमेंट वगळून. पासपोर्टचा अर्ज दाजी सोमवारी टाकतायत. फ्लेक्सचं मात्र अवघड आहे, शुभेच्छुकांत माझं पण नाव आहे.

रंकाळा_कट्टा
मग पार्टी पक्की 😄