घरच्या कॉम्प्युटरला स्वस्तात डीव्हीडी रायटर बदलून हवाय, कोणता घेऊ? (नाशिक)

इंदिरानगरकरीण
नमस्कार मंडळी. आमच्याकडे असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, २०१० च्या दिवाळीत घेतलेला, विंडोज ७, पोरांचे प्रोजेक्ट आणि यांचं हिशेबाचं काम अजून त्याच्यावरच चालतं. त्याचा डीव्हीडी रायटर आता रुसलाय. म्हणजे सीडी टाकली तर वाचतो, गाणी पण वाजतात, पण डीव्हीडी टाकली की आत नुसती घरघर, दिवा लुकलुकतो आणि शेवटी डिस्क टाका म्हणतो. अरे टाकलीय की!
मला तो लागतोच. सासूबाईंचं भजनी मंडळ आहे, वर्षभरातल्या सगळ्या एकादशींचं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर करून ठेवलंय आणि मंडळातल्या चौदा-पंधरा जणींना ते घरी ऐकायचंय. बऱ्याच जणींकडे जुने डीव्हीडी प्लेअर आहेत, त्यांना पेनड्राइव्ह लावायची सोयच नाही. शिवाय लग्नाचे, बारशाचे फोटो अशा चाळीसेक डिस्क कपाटात पडून आहेत, त्या पण कॉम्प्युटरवर उतरवायच्यात. बजेट दीड हजार, त्यावर गेलं तर घरात मतदान घ्यावं लागेल. एका दुकानात विचारलं तर "ताई आता हे कोण वापरतं, नवीन कॉम्प्युटरच घ्या" म्हणून कोटेशनच हातात दिलं. आतला घेऊ की बाहेरून लावायचा?

सातपूरचा_फिटर
ताई राग मानू नका पण सगळ्यांना एकेक पेनड्राइव्ह वाटून टाका ना. ब्लूटूथचा छोटा स्पीकर पण येतो पाचशेत, त्यात पेनड्राइव्ह चालतो.

इंदिरानगरकरीण
दादा, पंधरा पेनड्राइव्ह आणि पंधरा स्पीकर म्हणजे किती झाले ते बघा आधी. आणि त्यातल्या निम्म्या जणी सत्तरीच्या पुढच्या आहेत, डिस्क टाकायची आणि हिरवं बटण दाबायचं एवढं त्यांना पाठ झालंय, ते मोडायचं नाहीये मला.

जुना_खोका
बरोबर बोललात. आता कामाचं. सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही हे लक्षण अगदी नेहमीचं आहे. रायटरच्या डोळ्यात दोन वेगवेगळे लेसर असतात, सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि डीव्हीडीसाठी ६५० चा लाल. त्यातला एक म्हातारा झाला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. तुमचा लाल गेलाय असं दिसतंय. भिंगावर धूळ असली तरी असं होतं पण मग बहुतेक वेळा सीडी पण अडखळते.
घ्यायच्या आधी एक करा, कॉम्प्युटर बंद करून, वायर भिंतीतून काढून, कॅबिनेटचं डावं झाकण उघडा आणि रायटरच्या मागे कोणती केबल आहे ते बघा. दोन बोटं रुंद चपटी पट्टी असेल तर तो आयडीई (जुन्या पद्धतीची जोडणी), करंगळीच्या नखाएवढी बारीक पिन असेल तर साटा (नवी पद्धत). याच्यावर सगळं अवलंबून आहे, मॉडेलचं नंतर.

इंदिरानगरकरीण
उघडलं. आधी सांगते काय काय निघालं: पंख्यावर गोधडीसारखी धूळ, एक पाच रुपयाचं नाणं आणि कोपऱ्यात पालीची दोन अंडी (रिकामी). आमचे हे म्हणाले भाडं घ्यायला पाहिजे होतं.
केबल चपटी, करड्या रंगाची, चांगली रुंद, एका कडेला लाल रेघ. पॉवरची वायर चार जाड तारांची, पांढरं प्लास्टिकचं टोक. हार्डडिस्कला मात्र बारीक लाल केबल आहे. आता यांना आठवलं की रायटर त्याच्याही आधीच्या, २००६ च्या कॉम्प्युटरमधून काढून याच्यात लावला होता, पैसे वाचवायला.

जुना_खोका
म्हणजे रायटरचं वय लक्षात घेता त्याने पेन्शन घेतलेलीच बरी. तुमचा आयडीई आहे. आयडीईचा नवीन आता शोधत बसू नका, कोणी दिलाच तर तो जुना पुसून डब्यात घातलेला असेल. साटाच घ्या. हार्डडिस्क साटावर आहे म्हणजे मदरबोर्डावर आणखी रिकामी साटाची भोकं असणार, मोजून सांगा.

इंदिरानगरकरीण
चार आहेत, एक भरलेलं. बोर्डावर जी४१ लिहिलंय.

जुना_खोका
झालं तर. साटाचा आतला रायटर, एक साटा केबल, आणि त्या पांढऱ्या चार पिनांच्या टोकाला लावायचा साटा पॉवरचा कन्व्हर्टर, तो पन्नास-साठ रुपयात येतो. दुकानदार हा कन्व्हर्टर द्यायला हमखास विसरतो आणि मग माणूस घरी येऊन डोकं धरून बसतो, तेव्हा आठवणीने मागा. एलजी, असुस, लाइटऑन यातला जो हाताला लागेल तो घ्या. सगळ्यांच्या डब्यावर २४ एक्स लिहिलेलं असतं (डिस्क लिहायचा वेग), तुम्हाला २४ एक्स लागणार नाहीच, पण डेस्कटॉपचा त्याहून हळू आता सहसा मिळत पण नाही. ड्रायव्हर-बिव्हर काही टाकावा लागत नाही.

रेल्वे_कॉलनी
थांबा थांबा, आतला घेऊ नका म्हणतो मी. उद्या हा १५ वर्षांचा कॉम्प्युटर बसला आणि नवीन घेतला तर आताच्या कॅबिनेटांना पुढे सव्वापाच इंचाची खिडकीच नसते, मग तो रायटर कुठे घालणार? यूएसबीचा बाहेरचा घ्या, लॅपटॉपला पण चालतो. आणि स्वस्तात करायचं असेल तर माझा जुगाड ऐका, घरात किंवा नात्यात कोणाचा मेलेला लॅपटॉप असेल तर त्याचा रायटर काढा (बुडाला एक स्क्रू असतो, तो काढला की सरकून बाहेर येतो) आणि त्याला यूएसबीचं केसिंग (बाहेरचं कव्हर) घ्या. मी असंच केलंय, मला केसिंग साडेचारशेला पडलं. फक्त जाडी मोजून जा, काही १२.७ मिलिमीटरचे असतात काही ९.५ चे, चुकीचं केसिंग आणलं तर बसत नाही, मी एकदा आणलंय.

जुना_खोका
जुगाड भारी आहे, पण ताईंना पंधरा-वीस डिस्क एका मागोमाग एक मारायच्यात (म्हणजे बर्न करायच्यात). लॅपटॉपचा बारीक रायटर म्हणजे स्कूटीवर सिमेंटची गोणी. तो यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालतो, जुन्या डेस्कटॉपच्या पुढच्या भोकात लावला तर बर्न करताना वीज कमी पडून अर्ध्यात डिस्क सोडतो. लावायचाच तर मागच्या भोकात लावा. शिवाय चांगल्या कंपनीचा नवीन बाहेरचा दीड हजारात बसणं अवघड, आणि ते बिननावाचे चकचकीत आठशे-नऊशेचे येतात त्यांच्या नादी लागू नका.

रेल्वे_कॉलनी
स्कूटीवरून सिमेंट मी खरंच आणलंय हो, पाथर्डी फाट्यापासून. पण ठीक, पंधरा डिस्कांचं काम असेल तर आतला घ्या, मान्य.

सातपूरचा_फिटर
लेन्स क्लीनर सीडी मिळते ती टाकून बघा ना आधी, शंभरचं काम.

मांडव_ते_वरात
ती ब्रशवाली? नको. माझा लग्नाच्या शूटिंगचा धंदा, पंचवटीत, आयुष्यात काही हजार डीव्हीडी मारल्या असतील. तो ब्रश एक तर काही करत नाही नाहीतर भिंगच हलवून ठेवतो. साफच करायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर एक थेंब, फुंकर मारल्यासारखं हलक्या हाताने. पण २००६ चा रायटर आहे, सोडा.
मी आलो ते डिस्कबद्दल सांगायला, कारण सगळे रायटरवर भांडतात आणि नंतर स्वस्तातली डिस्क आणून रायटरला शिव्या देतात. एक, कोऱ्या डीव्हीडीत मायनस आर आणि प्लस आर असे दोन प्रकार येतात, जुन्या प्लेअरसाठी मायनस आर घ्या, प्लस आर काही जुन्या खोक्यांना पचत नाही. दोन, डब्यावर १६ एक्स लिहिलं असलं तरी ८ एक्सनेच मारा. आठ-नऊ मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. घाई केली की चुका वाढतात, आणि त्या आपल्या कॉम्प्युटरवर दिसत नाहीत, गिऱ्हाइकाच्या प्लेअरवर दिसतात, तेही पाहुणे बसलेले असताना. तीन, वर कागदी स्टिकर चिकटवू नका. कागद ओलावा धरतो, एका बाजूला जड होतो, मग डिस्क थरथरते. सीडी मार्करने लिहा, बॉलपेनने तर मुळीच नाही. सीडीत माहितीचा थर वरच्या, लिहायच्या बाजूला अगदी पापुद्र्याखाली असतो, टोक रुतलं की खलास. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असतो म्हणून ती जरा सहन करते.
आणि ताई, रेकॉर्डिंग कशात आहे? मोबाइलचं असेल तर एम४ए प्रकारची फाइल असेल.

इंदिरानगरकरीण
हो, एम४एच आहे! चोवीस फायली, एकेक दीड तासाची. याचा व्हिडिओ करावा लागतो का?

मांडव_ते_वरात
व्हिडिओ नको, एमपी३ करा. एम४ए जुन्या प्लेअरला कळत नाही. १२८ केबीपीएसचा एमपी३ केला तर मिनिटाला साधारण एक एमबी. चोवीस गुणिले नव्वद म्हणजे २१६० मिनिटं, म्हणजे दोन जीबीच्या आसपास. अख्खं वर्ष एका डीव्हीडीत, वर निम्म्याहून जास्त जागा उरते. (डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, कॉम्प्युटर ४.३८ च्या आसपास दाखवतो, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी.) पण काही जुने प्लेअर एमपी३ फक्त सीडीतूनच वाजवतात. म्हणून आधी एकच डिस्क मारून दोन-तीन घरी फिरवून बघा. नाही चालली तर सीडीवर टाका, ७०० एमबीत अकरा-बारा तास बसतात, तीन सीडीत वर्ष संपतं.

रेल्वे_कॉलनी
मग सीडीच मारायच्या तर जुना रायटर पण चालेल की, तो सीडी वाचतोय ना?

इंदिरानगरकरीण
ते करून बघितलं काल रात्री. वाचतो, पण मारताना अर्ध्यावर जाऊन एरर देतो. तीन सीडी वाया, त्या आता गच्चीवर कबुतरं हाकलायला टांगल्यात.

जुना_खोका
एक राहिलं. विंडोज ७ मध्ये कोरी डिस्क टाकली की विचारतं, यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी. दुसरंच निवडा. पहिलं निवडलं तर तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसेल आणि मंडळातल्या एकाही प्लेअरवर वाजणार नाही. नाहीतर सरळ इमगबर्न (ImgBurn) हे डिस्क मारायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, जुनं आहे पण विंडोज ७ ला मस्त चालतं, त्यात स्पीड पण निवडता येतो आणि मारून झाल्यावर तपासून पण बघतं.

इंदिरानगरकरीण
आठ दिवसांनी येतेय, सॉरी, मध्ये घरात पाहुणे होते.
रायटर घेतला! एमजी रोडला दोन ठिकाणी "मागवून देतो" म्हणाले, कॅनडा कॉर्नरकडे एका लहान दुकानात काकांनी वरच्या फळीवरून धूळ झटकून एलजीचा काढून दिला, साडेतेराशे, डबा बंद, बिलासकट. कन्व्हर्टर मी स्वतः मागितला तेव्हा काका चष्म्यावरून बघायला लागले, "तुम्हाला कोणी सांगितलं?" केबल आणि कन्व्हर्टर धरून १४७०. मतदान टळलं.
बसवला मीच. जुना काढताना एका बाजूचे स्क्रू काढून ओढत बसले, दुसऱ्या बाजूला पण दोन असतात हे अर्ध्या तासाने कळलं. चालू केल्यावर लगेच दिसला.
पहिली डिस्क बिघडली, कारण ती कपाटातली जुनी कोरी होती, कडेला पांढुरका डाग पडलेला, तरी मी टाकलीच. नवीन डबा आणून मायनस आर, ८ एक्स, एकदम सुरळीत. पाच घरी फिरवली, तीन प्लेअरवर डीव्हीडी वाजली, दोघींना सीड्या करून दिल्या. फोटोंच्या चाळीसपैकी सदतीस पूर्ण उतरल्या, दोन अर्ध्या. बारशाची एक मात्र अजिबात वाचत नाही, काही करता येतं का?

मांडव_ते_वरात
ओल्या मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या रायटरमध्ये टाकून बघा, एकाला वाचता येत नाही ते दुसऱ्याला येतं असं कित्येकदा होतं. माझ्याकडे तीन वेगवेगळे लावलेले आहेत, मालेगाव स्टँडकडे आलात तर घेऊन या, पैसे नकोत. भजन कसं आलंय?

इंदिरानगरकरीण
भजन छान आलंय. आषाढीच्या रेकॉर्डिंगमध्ये मधेच माझ्या कुकरच्या चार शिट्ट्या पण आल्यात, त्या काढू का विचारलं तर सासूबाई म्हणाल्या राहू दे, टाळ चुकला तेवढ्यात झाकलं गेलंय. रविवारी येते डिस्क घेऊन.

रेल्वे_कॉलनी
ताई तो जुना आयडीई रायटर भंगारात दिला का? माझ्याकडे एक २००४ चा डबा आहे, त्याला फक्त सीडी वाचायला हवाय.

इंदिरानगरकरीण
नाही दिला, आहे. या घ्यायला, संध्याकाळी सहानंतर. चपटी केबल पण देते.