ओमान: बाबांना फलज दाखवायचेत, मार्ग कसा आखू?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आई-बाबांना घेऊन ओमानला जायचं ठरवलंय. हातात पाच पूर्ण दिवस. बाबा ७१ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सगळी नोकरी कालव्यावर, आवर्तनं सांभाळण्यात आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेली. त्यांना फलज बघायचेत, बाकी कशाचा आग्रह नाही.

डोंगरापायथ्याचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर गावात आणायचं, तो फलज. काही फलज झऱ्यांवर किंवा वादीच्या (तिकडच्या ओढ्याच्या) पाण्यावरही चालतात. ओमानमध्ये असे तीन हजारांवर अजून वाहते आहेत; त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेले. पाणी आधी पिण्याला, मग मशिदीत वजूला (नमाजाआधी हातपाय धुवायला), मग खजुराच्या बागांना. पाळ्या दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांवर लावत. माप 'अथर', म्हणजे साधारण अर्धा तास. फलजचा कारभार बघणारा तो वकील. हे वाचून दाखवलं तर बाबा लगेच म्हणाले, "अरे, म्हणजे आपल्या फडावरचा पाटकरीच की!" धुळ्याकडची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायची जुनी रीत, त्यांनी जवळून पाहिलीय (पाणी सोडणारा तो पाटकरी); मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, जमिनीखालून आणलेली पाण्याची नहरही. बिरकत अल मौज या गावच्या फलज अल खतमैनचं पाणी एका जागी तीन सारख्या वाटांत फुटतं. तो फोटो मोबाइलवर मोठा करून बाबांनी तिन्ही चाऱ्यांची रुंदी बोटाच्या पेराने मोजली.

एका टूरवाल्याला विचारलं तर मॉल, बोटीवरचं जेवण आणि वाळूत गाडी उडवणं असा कार्यक्रम आला. फलजचं म्हटल्यावर, "पाण्याचे पाट काय बघायचे?" बाबा शेजारीच बसले होते. फार लागलं मला ते. म्हणून आता सगळं स्वतःच जुळवतोय.

अडचण शुक्रवारची आहे. आईला मस्कतची सुलतान काबूस मशीद बघायचीय, खास करून तिथला २१ टनांचा गालिचा. पण मुस्लिमेतरांना सकाळी ८ ते ११ एवढाच वेळ आणि शुक्रवारी प्रवेश नाही. निझवाचा गुरांचा बाजार मात्र शुक्रवारी सकाळीच भरतो. म्हणून गुरुवारी सकाळी मशीद उरकून दुपारी निझवा गाठायचं, शुक्रवारी पहाटे बाजार, मग किल्ला आणि फलज दारिस, शनिवारी बिरकत अल मौज, असं मांडलंय. हे फार धावपळीचं होईल का? आईचे गुडघे दुखतात. निझवा किल्ल्याच्या बुरुजावर चढायच्या पायऱ्या तिला झेपतील का, की तिने खालीच थांबावं?

रविवारी वहिबाच्या वाळवंटात एक रात्र काढायची आहे. मुक्कामाची जागा डांबरी रस्त्यापासून आत असेल तर तंबूवाले न्यायला येतात का, की फोर बाय फोर आपणच घ्यायची? आई शुद्ध शाकाहारी आहे, तिथे डाळ-भात मिळेल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. सावलीच्या घड्याळावर आजही पाळी लावतात असं गाव कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? मस्कत किंवा निझवाला राहणाऱ्या कुणाची अशा एखाद्या वकिलाशी ओळख असेल तर कृपया कळवा. बाबांना त्यांच्याशी तासभर बोलायचंय. प्रश्न त्यांनी वहीत लिहून ठेवलेत. पहिलाच आहे: टेलच्या बागेला पाणी पुरतं का?