शब्दचर्चा: ‘परफेक्ट सीझन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

मंडळी, मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या 1972 च्या हंगामावर मराठीत लेख लिहिते आहे. साखळीतले 14, बाद फेरीतले 2 आणि शेवटी सुपर बोल हा अंतिम सामना, असे 17 पैकी 17 सामने त्यांनी जिंकले. सुपर बोल सुरू झाल्यापासून असं करून दाखवणारा एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला हा एकमेव संघ. इंग्रजीत या हंगामाला सरसकट ‘परफेक्ट सीझन’ म्हणतात. मराठीसाठी माझ्यापुढे चार शब्द आहेत: परिपूर्ण, निर्दोष, अपराजित आणि अजिंक्य. मन ‘अजिंक्य’कडे ओढ घेतंय, पण आपल्याकडे कुठल्याही स्पर्धेच्या विजेत्याला ‘अजिंक्यपद’ मिळतं, मग तो वाटेत दोन सामने हरलेला का असेना. मग जो खरोखरच एकदाही हरला नाही, त्याच्यासाठी कुठला शब्द उरतो?

प्रतिसाद 1

‘अपराजित’ घ्या ताई. क्रीडापानावर ‘सलग दहा सामने अपराजित’ असं नेहमी छापून येतं, वाचक अडखळत नाही. ‘परिपूर्ण’ हा शब्द आहाराला किंवा ज्ञानाला शोभतो, हंगामाला नाही.

प्रतिसाद 2

‘अपराजित’मध्ये एक फट आहे, आणि नेमकी याच विषयात ती नडते. अपराजित म्हणजे न हरलेला. बरोबरीत सुटलेला सामना हा पराभव नव्हे, म्हणून अधूनमधून बरोबरी करणारा संघही अपराजितच. एनएफएलच्या जुन्या नोंदींत असे विजेते सापडतात. 1922 सालच्या कॅन्टन बुलडॉग्जचे 10 विजय आणि 2 बरोबरी, पुढच्याच वर्षी त्यांचे 11 विजय आणि 1 बरोबरी. 1929 सालच्या ग्रीन बे पॅकर्सचे 12 विजय, 1 बरोबरी. तिघंही विजेते, तिघंही अपराजित, पण त्यांच्या हंगामाला कोणी ‘परफेक्ट’ म्हणत नाही. त्या काळी विजयांची टक्केवारी काढताना बरोबरीचे सामने हिशेबातच धरत नसत. बरोबरीला अर्धा विजय आणि अर्धा पराभव मानायला एनएफएलने सुरुवात केली ती 1972 साली, म्हणजे डॉल्फिन्सच्या याच हंगामापासून.

आणखी एक अडचण. शिकागो बेअर्सनी 1934 मध्ये साखळीतले 13 च्या 13 आणि 1942 मध्ये 11 च्या 11 सामने जिंकले. दोन्ही वेळा अंतिम सामना मात्र हरले, आधी न्यूयॉर्क जायंट्सकडून आणि मग वॉशिंग्टनकडून. 2007 च्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सचं दुःख तर अजून ताजं आहे. साखळीतले 16, बाद फेरीतले 2, सगळे जिंकले आणि फेब्रुवारी 2008 मध्ये सुपर बोलला जायंट्सनी त्यांना 17-14 असं हरवलं. ‘साखळीत अपराजित’ हे वर्णन त्यांनाही लागू पडतं. म्हणजे ताईंना शब्द असा हवा की ज्यात पराभव नाही, बरोबरी नाही आणि करंडक मात्र आहे.

प्रतिसाद 3

शब्दांच्या घडणीकडे बघितलं तर बरंच स्पष्ट होतं. ‘अपराजित’ हे भूतकाळवाचक विशेषण आहे: ज्याचा पराभव झाला नाही असा. ती घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. ‘अजिंक्य’ शक्यतेबद्दल बोलतं: ज्याला जिंकता येणारच नाही असा. हा शब्द अस्सल मराठी घडणीचा. क्रियापद आपलं ‘जिंकणे’, त्याला मागून-पुढून संस्कृत धाटणीचे ‘अ’ आणि ‘य’ लावलेले. संस्कृतात यासाठी अजय्य आणि अजेय अशी दोन रूपं आहेत, आणि पाणिनीने त्यांच्यातला फरकही सांगून ठेवलाय. जय्य म्हणजे जिंकणं शक्य आहे असं, जेय म्हणजे जिंकण्याजोगं. आपल्या ‘अजिंक्य’चा अर्थ ‘अजय्य’च्या जवळ जातो.

आता साताऱ्याचा अजिंक्यतारा बघा. 1700 साली हा किल्ला औरंगजेबाच्या फौजेने घेतला आणि त्याला आझमतारा नाव दिलं. महाराणी ताराबाईंच्या काळात तो परत मिळाल्यावर अजिंक्यतारा हे नाव आलं. म्हणजे एकदा पडलेल्या किल्ल्याला आपण अजिंक्य म्हटलं, आणि त्यात काही चुकलं नाही. ‘अजिंक्य’मध्ये निर्धार असतो, मान असतो, आकडेवारी नसते. ‘अजिंक्यपद’ही त्याच वाटेने आलं असावं. म्हणून मला वाटतं, करंडकासाठी अजिंक्यपद बिनदिक्कत वापरा. हंगामाला मात्र अजिंक्य म्हणू नका. हाच संघ आदल्या हंगामाच्या शेवटी, 16 जानेवारी 1972 रोजी, न्यू ऑर्लिन्सला डॅलस काउबॉइजकडून सुपर बोलमध्ये 24-3 असा सपशेल हरला होता. या खेळाडूंना हरवता येतं हे सगळ्या देशाने पाहिलेलं होतं, त्यांना स्वतःलाही ते पक्कं ठाऊक होतं. त्या हंगामाची धग तिथूनच आली.

प्रश्नकर्ती

अजिंक्यताऱ्याचा मुद्दा पटला. मग ‘निर्दोष’ का नको? किंवा ‘निष्कलंक’?

प्रतिसाद 3

निष्कलंक चारित्र्याला राहू दे. ‘निर्दोष’ला माझा विरोध आहे, कारण तो या हंगामावर अन्याय करतो. निर्दोष म्हटलं की सगळं सुरळीत, सहज पार पडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं ते जरा सविस्तर लिहितो.

तिसऱ्याच सामन्यात मिनेसोटाविरुद्ध चौथ्या सत्रात संघ 14-6 असा मागे होता. किकर गॅरो येप्रेमियनने 51 यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार केला आणि शेवटच्या दोन मिनिटांत बॉब ग्रिसीने जिम मँडिचला पास देऊन टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार नेल्याचे गुण, मिळवला. 16-14. पाचव्या सामन्यात, 15 ऑक्टोबरला, सॅन डिएगोच्या दोघांनी मिळून ग्रिसीला खाली पाडलं. पायाचं हाड मोडलं, घोटा निखळला. ग्रिसी क्वार्टरबॅक, म्हणजे ज्याच्या हातून सगळं आक्रमण सुरू होतं तो माणूस.

त्याच्या जागी उतरला अर्ल मॉरल, वय 38. डॉल्फिन्सचे प्रशिक्षक डॉन शुला पूर्वी बाल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक होते, तेव्हापासून मॉरल त्यांच्या ओळखीचा. 1968 च्या हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, पण सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्याने तीनदा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हातात दिला आणि कोल्ट्स 16-7 हरले. त्या पराभवाचं ओझं मॉरल आणि शुला दोघांनीही वागवलं. 1972 मध्ये कोल्ट्सनी त्याला सोडलं तेव्हा शुलांनी त्याला अवघ्या 100 डॉलरमध्ये उचललं. या हंगामातले बहुतेक सामने या सोडून दिलेल्या माणसाने जिंकून दिले आहेत. बफेलोला 24-23, म्हणजे एका गुणाने. न्यूयॉर्क जेट्सला 28-24.

बाद फेरीत क्लीव्हलंड ब्राउन्सविरुद्ध चौथ्या सत्रात पुन्हा पिछाडी, मग 20-14. पुढचा सामना पिट्सबर्गला. एकही सामना न हरलेल्या संघाला परक्या मैदानावर जावं लागलं, कारण यजमानपद तेव्हा गुणांवर नव्हे, आळीपाळीने ठरायचं. तिथे पंटर, म्हणजे चेंडू लाथाडून दूर धाडणारा खेळाडू, लॅरी सायपलने चेंडू लाथाडायची हूल दिली आणि तोच चेंडू घेऊन 37 यार्ड धावत सुटला. दुसऱ्या सत्रातल्या या एका धावेने सामन्याचा रंग पालटला. उत्तरार्धात शुलांनी मॉरलला बसवून नुकत्याच बऱ्या झालेल्या ग्रिसीला उतरवलं आणि 21-17 अशी सरशी झाली.

आणि सुपर बोल. 14 जानेवारी 1973, लॉस एंजेलिसचं कोलिझियम, समोर वॉशिंग्टन. शेवटची काही मिनिटं, मायामीकडे 14-0 आघाडी. येप्रेमियनची किक यशस्वी झाली असती तर 17 सामन्यांच्या हंगामाचा शेवट 17-0 ने झाला असता. किक अडवली गेली. चेंडू उडून येप्रेमियनकडेच आला आणि त्याने तो फेकायचा प्रयत्न केला. हातातून निसटलेला चेंडू वॉशिंग्टनच्या माइक बासने हवेतच पकडला आणि 49 यार्ड धावत टचडाउन केला. 14-7, आणि घड्याळात अजून दोन मिनिटं. मायामीच्या बचावफळीने ती दोन मिनिटं झुंजून काढली.

या सगळ्याला ‘निर्दोष’ कसं म्हणायचं? दोष होते, दुखापत होती, घोडचूक होती. तरी 17 सामन्यांच्या निकालात विजयाखेरीज दुसरं काही मिसळलेलं नाही. म्हणून माझा शब्द ‘निर्भेळ’. कसोटी मालिकेतले सगळे सामने एकाच संघाने जिंकले की आपली वर्तमानपत्रं ‘निर्भेळ यश’ म्हणतात, तोच शब्द. निर्भेळमध्ये पराभवाची भेसळ चालत नाही, बरोबरीचीही चालत नाही. तिथे ‘अपराजित’ची फट बुजते. शिवाय हा शब्द निकालाबद्दल बोलतो, खेळ कसा झाला याबद्दल काही दावा करत नाही. त्यामुळे ‘निर्दोष’चा अतिरेकही टळतो.

प्रतिसाद 1

निर्भेळ पटतं आहे, अपराजित मागे घेतो. फक्त ‘निर्भेळ यश’ तीन-चार सामन्यांच्या मालिकेसाठी वाचायची सवय आहे, तीही एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध. 17 सामन्यांच्या हंगामाला ते पेलेल का?

प्रतिसाद 3

पेलेल. शब्दाच्या अर्थात सामन्यांची संख्याही नाही आणि प्रतिस्पर्धी एकच असावा अशी अटही नाही. ‘निर्भेळ हंगाम’ दोनदा वाचला की रुळेल.

प्रतिसाद 4

गेली काही वर्षं मी फ्लोरिडात राहतो. इथे हा संघ म्हणजे घरचं दैवत आहे, तरी एक आक्षेप इथेही ऐकू येतो, तो लेखात यायला हवा. साखळीत मायामीला सोपे प्रतिस्पर्धी मिळाले. त्या हंगामात ज्यांचे विजय पराभवांपेक्षा जास्त होते असे दोनच संघ त्यांच्या वाट्याला आले, कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स. हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्याच हंगामात सर्वाधिक गुण करणारा संघ मायामी, आणि सर्वांत कमी गुण देणाराही मायामीच: 385 आणि 171. बाद फेरीत तर क्लीव्हलंड, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन, तिघंही भक्कम होते.

बचावफळीच्या नावाबद्दलही लिहितो. इंग्रजीत तिला ‘नो-नेम डिफेन्स’ म्हणतात. आधीच्या सुपर बोलपूर्वी डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांना मायामीच्या बचावपटूंची नावं आठवेनात आणि ते तसं बोलून गेले, त्यातून हे नाव चिकटलं. ताई, याला ‘अनामिक’ म्हणू नका. अनामिकमध्ये गूढपणा आहे, आणि या माणसांत गूढ काही नव्हतं. नावं सगळी होती: निक बुओनिकाँटी, मॅनी फर्नांडिस, बिल स्टॅनफिल, डिक अँडरसन, जेक स्कॉट. त्यांच्या नावांचा गवगवा झालेला नव्हता, एवढंच. याच फळीतला जेक स्कॉट पुढे सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, वॉशिंग्टनचे दोन पास मध्येच पकडून.

प्रतिसाद 2

‘बिननावाची फळी’ कसं वाटतं? बोलीतलं आहे आणि त्यात अवहेलनाही नाही. याच फळीची एक रचना ‘फिफ्टी-थ्री’ म्हणून ओळखली जाते. ती ‘पाच-तीन’ समजून कोणी भाषांतर करू नये. बॉब मॅथेसन या खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक 53 होता, त्यावरून बचावाचे प्रशिक्षक बिल आर्न्सपार्गर यांच्या या डावपेचाला ते नाव पडलं. मराठीतही ‘53’ असाच आकडा ठेवा.

प्रश्नकर्ती

‘बिननावाची फळी’ उचलली! आता दोन छोटे प्रश्न. सामना 1973 च्या जानेवारीत झाला, मग विजेते 1972 चे की 1973 चे? आणि सुपर बोल लिहू की सुपर बाऊल?

प्रतिसाद 2

हंगाम ज्या वर्षी सुरू होतो त्या वर्षाचा. म्हणून ‘1972 च्या हंगामाचे विजेते’ असं पूर्ण लिहा, नुसतं ‘1972 चे विजेते’ नको. घोळ व्हायला खास कारण आहे: पुढच्या म्हणजे 1973 च्या हंगामातही सुपर बोल मायामीनेच जिंकला, मिनेसोटाला 24-7 हरवून. तो हंगाम मात्र निर्भेळ नव्हता. दुसऱ्याच सामन्यात ओकलंडने त्यांना 12-7 असं हरवून सलग 18 विजयांची मालिका तोडली. ‘हंगाम’ आणि ‘मोसम’ दोन्ही चालतील, पण ‘निर्भेळ मोसम’ कानाला पावसाळ्यासारखा लागतो.

उच्चार ‘बोल’च्या जवळचा आहे, म्हणून तोच लिहा. पॅसाडिनाच्या मैदानाचा आकार वाडग्यासारखा, म्हणून त्याचं नाव रोझ बोल. तिथून महाविद्यालयीन सामन्यांना ‘बोल’ म्हणायची रीत पडली आणि तिथून सुपर बोल आला. डॉल्फिन्सचं घरचं मैदानही ऑरेंज बोलच होतं. पहिल्या उल्लेखात ‘सुपर बोल हा अंतिम सामना’ असं लिहिलंत की आपल्या ‘बोल’शी गल्लत होणार नाही.

प्रतिसाद 5

चर्चा वाचून भर घालावीशी वाटली. 1985 चा शिकागो बेअर्स संघ कित्येकांच्या मते यापेक्षाही बलाढ्य होता. तो 18 सामने जिंकून अजिंक्यपद मिळवून गेला, पण एक सामना हरला. कुणाकडून? 2 डिसेंबर 1985 च्या रात्री, मायामीत, डॉल्फिन्सकडून, 38-24. प्रशिक्षक तेच, डॉन शुला. 1972 च्या संघातले काही जुने खेळाडू त्या रात्री मैदानाच्या कडेला येऊन उभे राहिले होते. बेअर्सचं यश किती मोठं, हे ‘अजिंक्यपद’ सांगतं. त्यांच्याकडे काय नाही, ते सांगायला ‘निर्भेळ’च लागतो.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लेखाचं पहिलं वाक्य असं केलंय: ‘1972 च्या हंगामात मायामी डॉल्फिन्सने 17 पैकी 17 सामने जिंकून निर्भेळ यशासह अजिंक्यपद पटकावलं.’ पंटच्या प्रसंगासाठी ‘हूल’ही घेतली आहे.

प्रतिसाद 3

वाक्य छान उतरलंय. फक्त ‘पटकावलं’ नको, ‘मिळवलं’ करा. आदल्या वर्षीचा पराभव, ग्रिसीचा मोडलेला पाय, मॉरलचे ते सगळे सामने, हे सगळं पार करून आलेलं पद आहे ते.