लसीकरणानंतरच्या अर्ध्या तासात पालकांना काय आणि कसे शिकवावे?

प्रश्न : परिचारिका, पर्वती
नमस्कार. पर्वती पायथ्याजवळच्या वस्तीत मी लसीकरण सत्राला जाते. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून घ्यावे लागते. त्या वेळात मी आहार, हात धुणे, जुलाब, पुढची लस असे सगळेच सांगते. परंतु बहुतेक आया धुण्याभांड्यांची दोन कामे उरकण्याच्या मध्ये धावत आलेल्या असतात आणि त्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. जिला मी तीन वेळा समजावले होते, त्या एका आईने जुलाब झालेल्या मुलाला ओआरएसची पुडी चिमूटचिमूट करून पेल्यातल्या पाण्यात दिली. मूल बरे आहे, पण मला फार लागले. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : निवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका, कोथरूड
ताई, तीन वेळा सांगितलेत, पण तिच्या हातून एकदा तरी करून घेतलेत का? एक लिटरच्या पुडीवर माप लिहिलेले असते, मात्र पुष्कळ घरांत लिटरचे माप नसते. म्हणून मी नेहमी एक लिटरची रिकामी बाटली सोबत नेत असे आणि आईलाच पाणी भरून पूर्ण पुडी एकदम ओतायला लावत असे. तयार पाणी २४ तासांत वापरायचे, उरलेले टाकून द्यायचे, हेही तिनेच मला परत सांगायचे. जुलाबात ओआरएसबरोबर द्यायच्या झिंकच्या गोळीबाबत याहून जास्त चुका होतात, कारण जुलाब थांबले की गोळी बंद केली जाते. ती १४ दिवस द्यायची असते, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २० मिलिग्रॅम. हे १४ दिवस कशासाठी, तर पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून, हे कारण कळले की आया गोळी सोडत नाहीत. एका सत्राला एकच विषय घ्या. कोणती लस दिली, तिचा काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचे आणि कार्ड जपून आणायचे, एवढे मात्र दर वेळी सांगायलाच हवे.

उत्तर : अंगणवाडी सेविका, धायरी
सिस्टर, आईबरोबर आजीलाही बोलवा. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, हे आईला पटलेले असते. घरी मात्र आजी मायेने सहाणेवर बाळगुटी उगाळते, कधी त्यात मध घालते. तिला सर्वांसमोर चूक ठरवले, तर ती पुन्हा येत नाही. वर्षाच्या आत मध का नको, हे मी आजीला शेजारी बसवून सांगते आणि बाळाला तेल लावण्याची तिची पद्धत इतरांना दाखवायला सांगते. पाण्याविषयी आमच्याकडे वेगळे सांगावे लागत नाही, कारण जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बॅरे सिंड्रोमचे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय आला, तेव्हापासून पाणी उकळण्याचा विषय निघाला की सगळे थांबून ऐकतात.

उत्तर : एका मुलीचा बाबा, येरवडा
आमच्या मुलीला दीड महिन्याची असताना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्रित लस) दिल्यावर रात्री ताप आला. असा ताप येऊ शकतो, हे त्या केंद्रावर आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. आम्ही घाबरलो आणि अडीच महिन्यांची लस चुकवली. नंतर घरी आलेल्या सिस्टरांनी माझ्याशी, म्हणजे बापाशी, बसून बोलणे केले, तेव्हा राहिलेली लस पूर्ण झाली. घरात निर्णय अनेकदा आम्ही घेतो, पण आम्हाला कोणी बोलवत नाही. शक्य असेल तर एखादे सत्र रविवारी ठेवावे.

प्रश्नकर्ती
सर्वांची आभारी आहे. पुढच्या सत्राला बाटली नेईन आणि फक्त ओआरएसचाच विषय घेईन. त्या आईला पुन्हा ओशाळे वाटू नये, म्हणून पहिली पुडी मी तिच्याकडूनच, इतर आयांना दाखवण्यासाठी, करून घेणार आहे. रविवारच्या सत्राबद्दल आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलते.