मदत हवी आहे : नववीचा भूगोल, नदी न् समुद्राची भूरूपं पोरीच्या डोक्यात बसूनच नाही राहिली

नागपूरची_आई
नमस्कार मंडळी. पोरगी नववीत आहे, स्टेट बोर्ड, मराठी मीडियम. सोमवारी भूगोलाचा पेपर, ४० मार्कांचा, आणि बाह्यप्रक्रियांच्या धड्यांची तिच्या डोक्यात पार खिचडी झाली आहे. पाठांतर आहे बरं का, म्हणजे मी पुस्तक घेऊन बसली आणि विचारलं की घळई कशाने होते तर धडाधड सांगते, नदीच्या खनन कार्याने, म्हणजे खोदण्याने. पण मागच्या चाचणीत चित्र देऊन विचारलं तर बाईने सागरी कमानीखाली "नदीचे संचयन", म्हणजे गाळ साचणं, लिहून ठेवलं. दहापैकी तीन मार्क.

आमची खरी अडचण अशी आहे की तिनं समुद्र पाहिलाच नाही. पुरीची तिकिटं काढली होती, लॉकडाउन लागलं न् राहून गेलं. आता म्हणते, आई नागपूरला समुद्र नाही तर काहून शिकवून राहिले. मी स्वतः बीकॉम, मला यातलं ढेकळं कळत नाही. यूट्यूबवर चांगले व्हिडिओ हिंदीत, ते गोखुर झील गोखुर झील करतात आणि पुस्तकात आहे कुंडलकासार, म्हणजे अजून घोळ. नोट्स नका सांगू कोणी, नोट्सचा ढीग पडला आहे घरात. तीन दिवसात काय होऊ शकते ते सांगा.

रिटायर_मास्तर
ताई, तीस वर्षं हाच विषय शिकवला म्हणून लिहितो. पोरं भूरूपांची नावं यादीसारखी पाठ करतात, तिथेच फसतात. ही यादी नाहीच, गोष्ट आहे. आधी काय होतं, मग काय झालं, शेवटी काय उरलं, बस.

पुस्तक बंद करा आणि तिला नाग नदीपासून सुरू करायला सांगा. नाग पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा न् वर्धा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याकडे गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळताना त्रिभुज प्रदेश करते. म्हणजे नागपूरला समुद्र नाही हे खरं, पण आपल्याकडची माती समुद्राला जाऊन मिळते. एका पानावर ही एक रेघ काढायची, वर डोंगर खाली समुद्र. उतार जास्त तिथे नदी तळ खोदते, म्हणून 'व्ही' आकाराची दरी, घळई, धबधबा. उतार कमी झाला की तळ सोडून काठ खोदते न् वळणं घेते. वेग संपला की ओझं टाकून देते. सगळी भूरूपं या एका रेघेवर बसतात.

एक विचारतो, तुम्ही राहता कुठे? सप्टेंबर २०२३ चा पूर पाहिला का तिनं?

नागपूरची_आई
पाहिला का म्हणजे? आमच्या घरात गुडघ्याच्या वर पाणी होतं सर. २३ तारखेची पहाट, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी थेट गल्लीत. पाणी उतरल्यावर फरशीवर बोटभर चिखल, मऊसूत, फ्रिजच्या खालून आठ दिवस निघत होता. तिनंच तर खराट्याने ओढला.

रिटायर_मास्तर
मग तुमच्या पोरीला पूरमैदान कोणी शिकवायची गरजच नाही! त्या रात्री चार-पाच तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, नदी पात्राबाहेर आली. पात्राबाहेर आलं की पाणी पसरतं, उथळ होतं, वेग पडतो, आणि वेग पडला की गाळ धरून ठेवायची ताकद संपते. जाड रेती आधी पडते, काठालाच, तिचे थर चढून पूरतट होतो. बारीक गाळ दूरवर जातो, तो तुमच्या फ्रिजखाली गेला. हेच हजारो वर्षं होत राहिलं की पूरमैदान. तिला सांगा, उत्तरात "वेग कमी झाल्याने" हे तीन शब्द विसरायचे नाहीत, कारणे द्या मध्ये मार्क त्यालाच असतात.

धरमपेठचा_भाऊ
जबलपूरजवळचं भेडाघाट पाहिलं असेल ना? नागपूरकर दुसरीकडे जातोच कुठे राजेहो. धुवांधार म्हणजे धबधबा, त्याच्या खाली संगमरवराचे उभे कडे न् मधून नर्मदा, ती घळई. फोटो असतील घरात, तेच दाखवा. रांजणखळग्यांसाठी मात्र निघोज, कुकडी नदीचं. भोवऱ्यात दगडगोटे गोल फिरून फिरून तळाला भोक पाडतात, मिक्सरच्या भांड्यासारखं.

आणि नर्मदेला पण त्रिभुज प्रदेश आहे हे लिहू देऊ नका, आमच्या वेळी अर्धा वर्ग लिहून आला होता. नर्मदा-तापीला खाडी.

नागपूरची_आई
भेडाघाटला रोपवेत बसलो होतो, फोटो आहेत!! नदीचं जमून राहिलं आहे असं वाटते. कुंडलकासार कोणी सांगेल का, आणि समुद्र तर अजून बाकीच आहे.

मालवणची_सून
माहेर नागपूरचं महाल, सासर मालवण, त्यामुळे दोन्हीकडचं बोलते. कुंडलकासार सोपं आहे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात, तिथला काठ खात जातं, आतल्या बाजूला संथ, तिथे रेती साचते (इथे वाळू म्हणतात, पेपरात पण वाळूच लिहायचं). असं करत वळणाची मान बारीक होत जाते आणि एखाद्या पुरात नदी ती मान तोडून सरळ निघून जाते. जुन्या वळणाची तोंडं गाळाने बंद, मागे उरतो घोड्याच्या नालेसारखा तलाव. बिहारमधला कावर तलाव असाच झाला आहे. हिंदीवाल्यांना त्यात गाईचं खूर दिसलं, आपल्याला कानातलं कुंडल, चीज एकच.

आता समुद्र. भूशिर म्हणजे समुद्रात घुसलेलं कठीण खडकाचं नाक. लाटा त्याला दोन्हीकडून मारतात. आधी भेग, भेगेची गुहा, दोन बाजूच्या गुहा आरपार झाल्या की कमान, कमानीचं छत पडलं की स्तंभ एकटा उभा. हा क्रम उलटा लिहिला की गेले मार्क. तिला ऑस्ट्रेलियातली गंमत सांगा, लंडन ब्रिज नावाची दुहेरी कमान होती, १९९० साली जमिनीकडची कमान कोसळली आणि पलीकडे दोन पर्यटक अडकले, हेलिकॉप्टरने काढावं लागलं. हे ऐकलं की कमान-स्तंभ ती जन्मात विसरणार नाही.

कड्याच्या पायथ्याशी लाटा खाच पाडतात, वरचा भाग लोंबकळतो आणि ढासळतो, कडा मागे सरकतो, खाली सपाट खडक उरतो, तो तरंगघर्षित मंच. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर तुम्ही त्याच्यावरून चालता, ओहोटी असेल तरच हं.

वाळूचा दांडा बघायला आमचं देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्यावर अख्खं गाव. लाट तिरकी येते, परत जाताना सरळ उतारावरून जाते, वाळूचा कण असा करवतीच्या दात्यांसारखा पुढे पुढे सरकत राहतो. असा दांडा वाढत वाढत पाणी अडवून बसला की आत अडलेलं पाणी म्हणजे खाजण, ओडिशाचं चिल्का सरोवर त्यातलंच. पुरीला गेला असता तर बघून आला असता, असो.

दहावीतला_मी
काकू मी मागच्या वर्षी दिला हा पेपर. तिला म्हणा कमानीचं चित्र पट्टी लावून सुंदर नका काढू, टाइम जाते. मी एकाच चित्रात गुहा, कमान, स्तंभ तिन्ही काढून बाण दिले, नावं दिली, खाली तीन ओळी. आणि प्रत्येक भूरूपापुढे दोनच अक्षरं लिहायची, ख नाहीतर सं, खनन का संचयन. रात्री फक्त तेवढंच पाहायचं.

नागपूरची_आई
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागे नाग नदीपासून काकिनाड्यापर्यंत लांब रेघ काढली आणि आमचं घर पण दाखवलं त्यावर, फ्रिजसकट. ख-सं चालू आहे. दोन चुकली, पुळण (समुद्रकाठची साचलेली वाळू) न् पूरतट, दोन्हीला ख लिहिलं.

आता तिचा एक प्रश्न, माझ्याकडे उत्तर नाही. स्तंभ पडल्यावर काय उरते?

रिटायर_मास्तर
बुंधा. भरतीला पाण्याखाली, ओहोटीला उघडा. लाटा त्यालाही खात राहतात. आणि ताई, ती स्वतःहून विचारून राहिली ना, मग आता तुम्ही पुस्तक घेऊन बसू नका तिच्यासमोर.