शब्दचर्चा: 'सँड प्रेअरी'ला काय म्हणावं? आणि तिथलं गवत 'रुजतं' की 'फुटतं'?

प्रश्न
अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या सँडहिल्सवर टिपण लिहितेय. जवळपास ५०,००० चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, पण गवताने झाकलेल्या. अशा गवताळ प्रदेशाला, म्हणजे 'सँड प्रेअरी'ला, आधी 'वाळवंट' लिहिलं आणि लगेच खोडलं. शिवाय वणव्यानंतर गवत परत येतं, त्याला 'पुनर्वाढ' लिहिताना हात अडखळतो. काय सुचवाल?

उत्तर १
खोडलंत ते बरं केलंत. वाळवंट म्हणजे नदीकाठची वाळूसुद्धा. पंढरपूरला चंद्रभागेचं वाळवंटच म्हणतात. पण बाकी वाचकांना राजस्थानातलं थरचं वाळवंटच आठवणार. 'पुळण' समुद्राची. 'कुरण' म्हटलं की चराईसाठी राखलेलं. मी 'वाळूचा माळ' म्हणेन. माळ म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे मुरूम येतो, म्हणून 'वाळूचा' गाळू नका.

उत्तर २
'पुनर्वाढ' कशाला? शेतात शब्द तयार आहेत. बी पडून आलं तर 'रुजलं'. गव्हाच्या बुडातून नवे कोंब आले तर 'फुटवे'. तोडलेल्या बुंध्याला येतात ते 'धुमारे'. लिटल ब्लूस्टेम गवताचं वरचं सगळं जळालं तरी बुडखा जिवंत राहतो आणि त्याला फुटवे येतात. तिथे 'रुजलं' लिहिलंत तर अर्थच चुकेल.

वाऱ्याने वाळू उडून माळाला भगदाड पडतं, त्याला तिथे ब्लोआउट म्हणतात. त्यात पहिल्यांदा येणाऱ्यांपैकी एक म्हणजे ब्लोआउट ग्रास. त्याची चाल थेट हरळीची. वाफ्यातली हरळी ओढून बघा: एक काशी, म्हणजे मातीखालून धावणारं खोड, हाताला लागते आणि वीतभर पुढची मातीही उकरली जाते, पेरापेराला कोंब. हे गवतही असंच वाळूखालून धावतं आणि वाळू धरून ठेवतं. त्याला 'पसरलं' म्हणा.

प्रश्नकर्ती
फुटवे! घरात रोजचा शब्द, आणि मी कोशात शोधत बसले होते. मग भगदाड गवताने भरलं की 'माळ बरा झाला' लिहू?

उत्तर ३
तेवढं लिहू नका. ब्लोआउट पेनस्टेमन नावाचं जांभळट-निळं, सुगंधी फूल या उघड्या वाळूतच वाढतं. ते नामशेष झालं असं धरलं गेलं होतं. १९६८ मध्ये पुन्हा सापडलं, १९८७ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेलं. वणवे विझवले जाऊ लागले, चराईला शिस्त आली, भगदाडं गवताने भरत गेली, तसतशी त्याची जागा संपत गेली. ज्याला आपण जखम म्हणतो, ते त्याचं घर आहे.

प्रश्नकर्ती
मग 'भगदाड बुजलं' एवढंच लिहिते.